उघड्या तोंडाचं कडं

बघतोसाहेबांना बघतोसाहेब हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याच्या तोंडात साखर पडो. टेकडीवरच्या त्या केंद्रात आकाशातून उतरणारी चित्रं बघणं हाच धंदा, आणि त्या केंद्राचे हे मुख्य. पुढ्यात काहीही ठेवा, रजेचा अर्ज असो, बिघडलेला एसी असो की गळका नळ, मान वर न करता साहेब एवढंच म्हणायचे, "बघतो." बघायचे मात्र काही नाहीत. नळ आपला गळत राहायचा.

त्यांच्या हाताखाली एक बाई होती. तिला सगळे कुलूपबाई म्हणत, कारण चित्रांना कुलपं घालणं हे तिचं काम. उपग्रह वरून सगळंच टिपतो: नद्या, रस्ते, धरणं, कुणाच्या तळावर किती गाड्या उभ्या आहेत ते. अशी चित्रं भलत्याच्या हाती पडली तर अनर्थ व्हायचा, म्हणून ती साठवण्याआधी किल्ली लावून अशी घुसळून टाकायची की ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला जुन्या टीव्हीवर यायच्या तशा नुसत्या मुंग्या दिसाव्यात. किल्ली म्हणजेही एक लांबलचक आकडाच. तो वेगळ्या यंत्रात जपून ठेवलेला असे. हा आकडा पुसला की संपलं. चित्र जागच्या जागी पडून राहतं, पण ते मेलेलं. पुन्हा कुणाला दिसायचं नाही.

आणि केंद्राचा एक जुना नियम होता. जो कुलूप घालतो त्यानं चित्र बघायचं नाही, आणि जो बघतो त्यानं कुलपाला हात लावायचा नाही. त्यामुळे इतकी वर्षं कुलूपबाईसमोरून अख्खी पृथ्वी गेली, पण तिला दिसले फक्त नंबर. मिठाईच्या दुकानात आयुष्य काढून नुसती खोकी बांधणाऱ्या बाईची गत. खोलीला खिडकी नाही, यंत्रांसाठी गारठा इतका की भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायची, आणि धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर. बाहेर लोक घामाघूम आणि ही पायांत लोकरीचे मोजे चढवतेय, यावर तिच्या नवऱ्याचे विनोद ठरलेले असत.

नवरा त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, बघणाऱ्यांच्या खोलीत होता. त्याला सगळे डोळा म्हणत. दहा जणांना जिथे नुसती माती दिसायची तिथे याला ओल दिसायची. ही बघणारी माणसं चित्रावर कधी रेघ मारत नसत. चित्रावर यंत्रातच एक कोरा पारदर्शक कागद अंथरायचा, जे सांगायचं ते त्या कागदावर खूण करून सांगायचं, आणि तो कागद वेगळा ठेवायचा. बाकीचे संशयाच्या जागेभोवती गोल काढत. डोळ्याचं मात्र कडं असे, आणि कड्याचं तोंड उघडं. जमीन ज्या बाजूला सरकतेय त्या बाजूला तो तोंड ठेवायचा. डावखुरा असल्यामुळे सुरुवात खालून करायचा, आणि कड्याचा एक खांदा नेहमी थोडा दबलेला. घरीही तीच खोड. कॅलेंडरवर, विजेच्या बिलावर, पेपरातल्या बुटांच्या जाहिरातीवर, जिथे तिथे हे कडं. ती म्हणायची, घरातल्या एकूण एक कागदाला नाल ठोकून झाले, आता एक घोडा तेवढा आणा.

मग ते धरण झालं. खोऱ्याच्या वरच्या अंगाला मातीचं नवं धरण बांधलं होतं, उद्घाटनाची तारीख ठरली होती, मांडव घातला होता, आणि पाणी काठोकाठ दिसायला हवं म्हणून भरून घेणं चाललं होतं. डोळ्याला चित्रात दिसलं की धरणाचा डावा खांदा ओला झालाय आणि खाली सरकतोय. त्यानं कडं काढलं आणि पाठवलं. शिवाय जिन्यात साहेब भेटले तेव्हा तोंडानंही सांगितलं. साहेब दोन पायऱ्या वर होते. तिथूनच म्हणाले, "बघतो."

उद्घाटन झालं, हारतुरे झाले, आणि पुढच्याच आठवड्यात एका दुपारी डावा खांदा बसला. पाणी खालच्या वस्तीत शिरलं. माणसं गेली, घरं गेली. जी वाचली ती आजही नदीकाठी पत्र्याच्या खोल्यांत राहतात.

चौकशी बसली. साहेबांनी धरणाचं चित्र काढून दाखवलं. अगदी स्वच्छ. त्या नंबरचा खुणेचा कागदच कुठे नव्हता. साहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाले की माणूस गुणी होता, पण नजर चुकली हो. तेवढ्यावर डोळ्याची नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे नाव गेलं. भाजी घ्यायला गेला तर लोक मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायचे. पुढे पुढे तो जायचाच बंद झाला.

घरी बसून तो स्वयंपाक करू लागला. चांगला करायचा. छत्र्या दुरुस्त करायचा, मोजे रफू करायचा, पण चष्मा काढून ठेवला तो ठेवलाच. ठरलेले विनोदही गेले. एकदा कुठल्या तरी क्षुल्लक गोष्टीवरून भांडण झालं आणि रागाच्या भरात कुलूपबाईच्या तोंडून निघून गेलं, "खरंच केली होतीत का हो खूण?" "वाटतं तर तसंच," तो म्हणाला, आणि परत सुईत दोरा ओवायला लागला. म्हणजे ज्या माणसाला ढगाआडची ओल दिसायची त्याला आता स्वतःचाच भरवसा उरला नव्हता. आपण हे विचारलं म्हणून तिला स्वतःची चीड आली, आणि ज्यानं हे विचारायची वेळ आणली त्याच्यावर तिनं त्या दिवसापासून डूख धरला.

नागीण डूख धरते म्हणतात. पण नागिणीला निदान स्वतःचं बीळ असतं. हिला त्याच माणसाला रोज सकाळी "नमस्कार साहेब" म्हणावं लागायचं. मैत्रिणी म्हणाल्या, सोड ती नोकरी. घर तिच्या पगारावर चालत होतं हे एक कारण होतंच. दुसरं कारण ती कुणाला सांगत नसे. तिला साहेबांच्या मानेच्या जवळ राहायचं होतं.

आता त्या कुलपाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलंय. धरणाच्या आधी कधीतरी साहेबांनी केंद्रात एक नवं कुलूप आणलं होतं. चपळ कुलूप. जुन्या कुलपाला एका चित्रापाठी चहा पिऊन होईल इतका वेळ लागे, हे चुटकीसरशी व्हायचं. साहेबांनी ते स्वतःच्या नावानं मिरवलं, त्यावर भाषणं दिली, एक शालही मिळवली. युक्ती साधी होती. चित्राचे बारीक बारीक चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोन त्याच किल्लीनं, इतरांकडे न बघता, सुटा घुसळायचा. कुलूपबाईनं तेव्हाच सांगितलं होतं की यात खोट आहे. दोन चौकोन सारखे असतील तर घुसळूनही ते सारखेच निघणार, आणि पांघरूण घातलं तरी खाली कोण झोपलंय ते आकारावरून कळणार. साहेब हसले होते. आकाशातून काढलेल्या चित्रात दोन चौकोन कधी सारखे असतात का, म्हणाले. पानागणिक, दगडागणिक रंग वेगळा. तुम्ही कधी चित्र बघितलंय का, बाई?

तिनं कधी बघितलं नव्हतं, तेव्हा ती गप्प बसली. आणि चित्रांपुरतं साहेबांचं बरोबरच होतं. पण त्या कोऱ्या पारदर्शक कागदांनाही हेच कुलूप लागणार होतं आणि कोऱ्या जागेचे चौकोन सगळे सारखेच असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बघणाऱ्यांना कुलूप कसं चालतं ते ठाऊक नव्हतं, आणि कुलूपवाल्यांना कागद कसा दिसतो ते. नियम पाळणाऱ्यांकडूनच होऊ शकते अशी ही चूक होती.

पुढे वरून हुकूम आला की चपळ कुलूप काढून नवीन, पक्कं कुलूप घालायचं. नावाची पाटी उतरणार म्हटल्यावर साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी ठरलं की एक समिती येईल, दोन्ही कुलपं पाहील आणि निकाल देईल. तोवर कुलूपबाईनं कोठार आवरून ठेवायचं, किल्ली पुसलेल्या मेलेल्या फायली वेगळ्या काढायच्या.

फेकण्याआधी ती प्रत्येक मेलेली फाइल पडद्यावर एकदा सोडून बघत होती, मोडकी आहे की धड. कुलूपबंद चित्र बघायला नियमाची आडकाठी नव्हती, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतंच. मुंग्या, मुंग्या, पुन्हा मुंग्या. दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांवर झापड येत होती. तेवढ्यात एक फाइल आली तिच्यात मुंग्या नव्हत्या. चटईसारखी एकसारखी वीण होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि त्या विणीच्या मधोमध, वीण विसकटून, एक कडं.

खालून सुरू झालेलं. एक खांदा दबलेला. तोंड उघडं.

तिनं पडद्याला बोट लावलं. मग दोन्ही हात तोंडावर दाबले, कारण तिला ओरडायचं होतं आणि भिंतीपलीकडे माणसं बसली होती. घरातल्या प्रत्येक कागदावर तिनं ते कडं पाहिलं होतं. साऱ्या जगात ते दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं. केली होती त्यानं खूण. केली होती, आणि तिनं त्याला विचारलं होतं, खरंच का.

फाइलीच्या पाकिटावरचा मजकूर, म्हणजे नंबर, तारखा, नावं, कुलूपबंद नसतो. नंबर धरणाच्या चित्राचा होता. तारीख उद्घाटनाच्या आधीची होती. किल्ली पुसल्याची तारीख मात्र धरण फुटल्यानंतरची, चौकशी बसायच्या आधीची. त्याखाली पुसणाऱ्याचं नाव होतं, आणि ते तिचंच होतं. तिला तो दिवस आठवलासुद्धा. साहेबांनी काही नंबर पाठवले होते, जागा मोकळी करायची आहे म्हणून. धरण फुटल्याच्या धक्क्यानं नवरा घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि ही इथे बसून एका हातानं बिस्कीट खात दुसऱ्या हातानं त्याचा एकुलता एक साक्षीदार मारत होती. चोरी साहेबांची आणि हात तिचे. तिच्या अंगाचा असा भडका उडाला की त्या गारठ्यात तिनं स्वेटर काढून फेकला.

घरी जाऊन तिनं एक चकार शब्द काढला नाही. नुसतं कडं दाखवून काय होणार? साहेब म्हणतील, डाग आहे. म्हणतील, बायकोनंच बनवलंय. साहेबांच्या तोंडून निघालं तरच ते खरं होणार होतं, आणि साहेबांचं तोंड कशानं उघडतं हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. कौतुकानं.

समिती आली. अध्यक्षबाई किरकोळ अंगाच्या, सतत लवंग चघळणाऱ्या, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशा. सभागृहात पांढऱ्या भिंतीवर मोठा पडदा सोडला होता. साहेब नवा कोट घालून आले होते. त्यांनी चपळ कुलपाचे गोडवे गायले आणि मग कुलूपबाईला पुढे बोलावलं, कारण प्रात्यक्षिक तीच देणार होती. तिनं सुरुवात साहेबांच्या स्तुतीनं केली. साहेबांची दूरदृष्टी, साहेबांचा धीर, या कुलपावर साहेबांची बोटं कशी फिरली ते. बघणाऱ्यांच्या खोलीतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. नवऱ्याला देशोधडीला लावणाऱ्याची ही आरती ओवाळतेय म्हणून एकानं तोंड फिरवलं. ते तिला दिसलं आणि तिनं ते गिळलं.

तिनं एकेक मेलेली फाइल भिंतीवर सोडली. मुंग्याच मुंग्या. साहेब खुलले. मग तिनं अगदी अजाणपणे विचारलं की साहेब, किल्ली पुसलेली कुठलीही फाइल अशी चारचौघांत दाखवली तर काही धोका नाही ना? साहेब म्हणाले, खुशाल दाखवा, किल्ली पुसली की ब्रह्मदेव आला तरी त्यातून काही काढू शकत नाही. हे लिहून घ्यायचं का, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. अवश्य घ्या, साहेब म्हणाले.

तिनं पुढची फाइल सोडली. भिंतीवर चित्र वरून खाली हळूहळू उलगडायचं. आधी चटईची वीण आली. काहीतरी वेगळं आहे म्हणून समितीतले लोक पुढे वाकले. मग दबलेला खांदा उतरला, मग दोन्ही बाजू. कडं अजून पुरतं उतरलंही नव्हतं तोच साहेब खुर्चीतून उठले.

"हे कुठून आलं?" ते म्हणाले. "हे तर पुसलं होतं."

कुलूपबाई वळली. या क्षणासाठी ती इतकी वर्षं नमस्कार घालत आली होती, आणि आता तिला मुळीच घाई नव्हती.

"काय पुसलं होतं, साहेब? मी अजून फाइलीचा नंबरसुद्धा सांगितलेला नाही."

अध्यक्षबाई लवंग चघळायच्या थांबल्या. भिंतीवर कडं पूर्ण उतरलं होतं, तोंड खालच्या अंगाला, उघडं. बघणाऱ्यांच्या खोलीतल्या सगळ्यांनी ते ओळखलं, आणि मघाशी तोंड फिरवलेला माणूस उभा राहिला. साहेबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण हे तांबडं भर सभेत, त्यांच्या स्वतःच्या कुलपातून फुटलं होतं. कुलूप पक्कं म्हणावं तर भिंतीवर दिसतंय ते काय, आणि कच्चं म्हणावं तर शाल परत करा. शेवटी त्यांनी तिच्याकडे बोट केलं. किल्ली हिनंच पुसलीय, विचारा हिला.

"पुसलीय," ती म्हणाली. "तुमच्या हुकमावरून. हुकूमही लावू का भिंतीवर?"

अध्यक्षबाईंनी नंबर विचारला, तारखा विचारल्या, कोरा कागद आणि त्याची वीण समजून घेतली. समजायला त्यांना दोन वाक्यं पुरली. मग साहेबांना म्हणाल्या की सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या, आणि तो पाहून धरणाची चौकशी पुन्हा उघडायची की काय ते ठरेल. साहेब त्यांनाही चुकून बघतो म्हणाले.

त्या दिवशी टेकडी उतरताना कुलूपबाई इतकी सुखात होती की तिची तिलाच लाज वाटावी. साहेबांचा पडलेला चेहरा ती पुन्हा पुन्हा आठवत होती आणि प्रत्येक वेळी तो अधिक गोड लागत होता. पर्समध्ये कड्याची छापील प्रत होती. घरी नवरा कांदा चिरत होता. तिनं प्रत ओट्यावर ठेवली आणि झालेलं सगळं, किल्ली कुणी पुसली तेवढं वगळून, एका दमात सांगितलं. त्यानं हात पुसले, खणातून चष्मा काढला, काच सदऱ्याला पुसली आणि कागद उचलून खिडकीपाशी नेला.

"माझंच आहे," तो म्हणाला, आणि येऊन परत कांदा चिरायला लागला.

एवढंच. ना रडला, ना हसला. तिला वाटलं होतं हा घरभर नाचेल, निदान तिचा हात तरी धरेल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कांदा चिरताना ते कुणाच्याही असतं. ती रागावून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. सकाळीच दार वाजलं. दारात बघतोसाहेब उभे होते. बरोबर ना गाडी, ना ड्रायव्हर, हातात सफरचंदांची पिशवी. जिना चढून दम लागला होता. कुलूपबाई दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि तिथून हलली नाही. या उंबऱ्यावर हा माणूस असा धापा टाकत उभा आहे, हे चित्र तिनं मनात इतक्यांदा काढलं होतं की आता खरं बघताना सफरचंदं तेवढी नवीन वाटली. तिनं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही, पाणी विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

पण आतून नवरा म्हणाला, "येऊ दे त्यांना." आणि त्यानंच पाणी आणून दिलं. तिचा संताप झाला.

साहेब खुर्चीच्या टोकावर बसले आणि बोलायला लागले. डोळ्यानं खूण केली हे आता सिद्धच झालंय, त्याचं नाव धुऊन निघालंय, कामावर परत घ्यायची व्यवस्थाही ते स्वतः करतील. त्यानं फक्त एवढंच लिहून द्यावं की खूण केली पण तोंडी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे कागद कुठेतरी गहाळ झाला असं होईल आणि दोघंही सुटतील. आता या वयात धिंडवडे नकोत. बोलता बोलता त्यांचा आवाज खरोखरच ओला झाला. कुलूपबाईनं आयुष्यभर साठवलेलं सगळं ओठांवर आणलं आणि ती सुरू होणार, तेवढ्यात नवऱ्यानं हात वर करून तिला थांबवलं.

"जिन्यात मी तुम्हाला काय म्हणालो होतो, ते फक्त एकदा सांगा," तो साहेबांना म्हणाला.

साहेबांनी पेला खाली ठेवला. परत उचलला. घरात गळणारा नळ नव्हता, नाहीतर तोही ऐकू आला असता.

"डावा खांदा सरकतोय, पाणी थांबवा, असं म्हणालात."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बघतो म्हणालो."

कुलूपबाईला हेच हवं होतं. याच घरात, याच माणसासमोर, हेच शब्द. ते मिळाले, आणि तिच्या लक्षात आलं की नवरा साहेबांकडे बघतच नाहीये. त्याच्या हातात कालचा कागद होता.

"काल हे बघेपर्यंत मला वाटायचं, आपली नजर चुकली असेल," तो म्हणाला. "चुकली असती तर बरं झालं असतं. मग मी नुसता आंधळा ठरलो असतो. पण मला दिसलं होतं. मी एकदा सांगितलं आणि घरी येऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही सांगितलं. वस्ती इथून चालत जाण्यासारखी आहे, तिथे जाऊन नाही ओरडलो. हिनं काल मला माझं नाव परत आणून दिलं, आणि रात्रभर मला तेवढंच दिसत होतं."

सूड तिनं घेतला होता, पण घरी आणून वाढला होता तो नवऱ्याच्या ताटात.

तो उठला, कपाटाखालून त्यानं बूट ओढले. त्यांच्यावरची धूळ हातानंच झटकली. मग साहेबांना म्हणाला की लिहून वगैरे काही नाही, आपण आता वस्तीत जायचं. मला जे सांगितलंत तेच तिथे सांगायचं, फक्त जरा मोठ्यानं. मी माझं सांगेन.

"तूही ये," तो तिला म्हणाला. "कागदाच्या कडेला पुसणाऱ्याचं नाव छापलंय."

तिला ते कळलंच नव्हतं. छापताना यंत्र पाकिटावरचा मजकूरही कडेला उमटवतं, आणि जन्मभर तोच मजकूर वाचत आल्यामुळे तिला तो दिसेनासा झाला होता. त्याला दिसला होता, कालच, खिडकीपाशी. तरीही त्यानं रात्री तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. तिनं चपला घातल्या.

साहेब मात्र खुर्चीलाच चिकटले होते. चेहरा पांढराफटक पडला होता. त्या वस्तीत एकेका घरातून काय काय गेलंय ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, चौकशीत नावं त्यांनीच तर वाचून दाखवली होती. नवरा खाली बसून नाडी बांधत होता.

"लोक माझ्या अंगावर येतील हो," साहेब म्हणाले. "तुम्ही काहीतरी करा."

नवऱ्यानं मान वर केली नाही.

"बघतो," तो म्हणाला.